शोषण हीट पंप गीझरची कार्यक्षमता कशी मोजायची: गॅस मीटरपासून २४ तासांच्या चाचणीपर्यंत

गॅस गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असं कुणी सांगितलं तर आपण मान डोलावतो. तीच १२० टक्के सांगितली की समोरचा थापा मारतोय असं वाटतं. शोषण हीट पंपाच्या बाबतीत मात्र ही थाप नसते. जळालेल्या गॅसच्या उष्णतेत हवेतून ओढून घेतलेली उष्णता मिसळते, म्हणून पाण्याला गॅसच्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता मिळते. खरी अडचण वेगळीच आहे. एकच यंत्र, एकच दिवस, आणि मोजणारा कसा मोजतो त्यावर उत्तर १.११ येतं, १.१७ येतं, नाहीतर थेट १.४ सुद्धा येतं. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच आग्रह धरलाय: आधी उष्णतेचा जमाखर्च जुळवा, मग कार्यक्षमतेचा आकडा तोंडातून काढा.

हा लेख मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आणि चाचणी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण घेतलंय ते अमोनिया-पाण्यावर चालणाऱ्या, गॅस बर्नरच्या, टाकीवाल्या घरगुती यंत्राचं. अमेरिकेत टेनेसीमधल्या स्टोन माउंटन टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशा यंत्रांवर बरंच काम केलंय. घरगुती गीझरची २४ तासांची चाचणी तिथल्या ऊर्जा खात्याच्या नियमात अगदी बारकाईने लिहून ठेवलेली आहे, म्हणून पद्धतही तिथलीच घेतो.

आत काय चालतं

आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात आग पाण्याला थेट तापवायची, आणि जे वाया जायचं ते धुराड्यातून. इथे आग पाण्याला थेट तापवत नाही. बर्नर जनरेटर नावाच्या भांड्यातलं (वीज बनवणारा जनरेटर नव्हे) अमोनिया-पाण्याचं द्रावण उकळतो. त्यातून निघालेली अमोनियाची वाफ कंडेन्सरमध्ये द्रव होते आणि आपली उष्णता टाकीच्या पाण्याला देते. पुढे झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये ती हवेची उष्णता घेऊन पुन्हा वाफ होते. ॲब्सॉर्बरमध्ये अमोनिया कमी असलेलं द्रावण ही वाफ शोषून घेतं. शोषताना भरपूर उष्णता बाहेर पडते, तीही पाण्याकडे जाते. मग एक छोटा पंप द्रावण परत जनरेटरकडे ढकलतो. कॉम्प्रेसर नसल्यामुळे वीज लागते ती फक्त पंप, पंखा आणि कंट्रोलरपुरती.

पाण्याला उष्णता तीन वाटांनी मिळते: कंडेन्सर, ॲब्सॉर्बर आणि धुरातली उरलेली उष्णता. चाचणीत ही तिसरी वाट बऱ्याचदा विसरली जाते.

पहिली पायरी: कशाला कशाने भागायचं ते लिहून काढा

सेन्सरला हात लावण्याआधी कागदावर यंत्राभोवती एक रेघ मारा. रेघेच्या आत काय आणि बाहेर काय हे ठरलं की निम्मी भांडणं मिटतात. टाकी आत असेल तर टाकीतून झिरपणारी उष्णता यंत्राच्या नावावर पडते. टाकी बाहेर ठेवली तर तुम्ही फक्त हीट पंप मोजताय, गीझर नाही.

मग निदान तीन गुणोत्तरं वेगळी ठेवा. एक, चालू स्थितीतला गॅस सीओपी (कोएफिशंट ऑफ परफॉर्मन्स): पाण्यात जाणारी उष्णता भागिले गॅसची उष्णता. दोन, पुन्हा तापवण्याची कार्यक्षमता: पाणी काढल्यावर टाकी पूर्ववत करायला लागलेल्या ऊर्जेवरून. तीन, दिवसभराचा आकडा: २४ तासांत नळातून मिळालेली उष्णता भागिले गॅस अधिक वीज. अमेरिकेत या तिसऱ्याला युनिफॉर्म एनर्जी फॅक्टर, म्हणजे यूईएफ म्हणतात. ग्राहकाच्या बिलाशी संबंध असतो तो याच आकड्याचा. जाहिरातीत मात्र पहिला दिसतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो.

यूईएफची पद्धत २०१४ मध्ये आली. त्याआधीच्या एनर्जी फॅक्टरच्या चाचणीत पाणी सहा सारख्या हप्त्यांत, एकूण सुमारे २४३ लिटर काढायचे आणि टाकी ५७ अंशांवर ठेवायचे. त्यामुळे जुन्या अहवालातला आकडा नव्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका.

गॅसची उष्णता कोणती धरायची, हेही याच कागदावर लिहा. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती द्रव होताना मिळणारी उष्णता मोजली तर एकूण उष्मांक, सोडली तर निव्वळ उष्मांक. नैसर्गिक वायूत दोन्हींमध्ये साधारण ११ टक्क्यांचा फरक असतो. अमेरिकेत एकूण उष्मांक वापरतात. युरोपात शोषण यंत्रांसाठी ईएन १२३०९ हे मानक आहे आणि तिथे निव्वळ उष्मांकावर आकडे देतात. युरोपीय माहितीपत्रकातले १.६५ अमेरिकी हिशेबात १.४९ च्या आसपास येतात. यंत्र तेच, धूरही तोच. अहवालात उष्मांकाचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो अहवाल मी पुढे वाचत नाही.

दुसरी पायरी: खोली आणि सेन्सर

हीट पंप खोलीतूनच उष्णता घेतो, तेव्हा खोली हीसुद्धा चाचणीचं उपकरण आहे. अमेरिकी पद्धतीत हीट पंप गीझरसाठी हवा १९.७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के ठेवतात. येणारं पाणी १४.४ अंश, टाकीचा सेटपॉइंट ५१.७ अंश. हे आकडे विचित्र वाटतात कारण मूळ आकडे फॅरनहाइटमधले आहेत. यंत्र चालू झालं की खोली गार व्हायला लागते. एसी आणि हीटर दोन्ही असलेली बंद चाचणी खोली असेल तरच तापमान एका अंशाच्या आत राहतं. कोपऱ्यात पंखा लावून हे जमत नाही, उलट इव्हॅपोरेटरवर नको तो वारा जातो.

टाकीत सहा थर्मोकपल, म्हणजे तारेसारखे तापमानाचे सेन्सर लागतात. टाकीचे सारख्या आकारमानाचे सहा थर कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर एकेक. गरम पाणी वर आणि गार खाली, असे थर टाकीत बसतात, त्यामुळे एका सेन्सरवरून टाकीत किती उष्णता साठली आहे ते कळत नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे सेन्सर पाइपच्या बाहेरून चिकटवू नका. ते प्रवाहात बुडालेले असावेत आणि त्यांची जोडी एकाच वेळी, एकाच बाथमध्ये कॅलिब्रेट केलेली असावी. इथला तापमानफरक ३७.२ अंशांचा आहे. दोन्ही सेन्सर ०.१ अंशाचे असतील तर फरकातली चूक ०.४ टक्क्यांच्या आसपास राहते. ०.५ अंशाचे असतील तर ती जवळपास २ टक्के होते.

प्रवाह मोजायला कोरिऑलिस मीटर उत्तम. नसेल तर बाहेर आलेलं पाणी काट्यावरच्या पिंपात घ्या. पद्धत जुनी आहे, पण फसवत नाही.

तिसरी पायरी: गॅस, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

गॅस मीटर घनमीटर मोजतो, ऊर्जा नाही. प्रत्येक वाचनाला निरपेक्ष दाब आणि तापमानाची दुरुस्ती लागते: मोजलेलं आकारमान गुणिले निरपेक्ष दाब भागिले १०१.३२५ किलोपास्कल, गुणिले २८८.१५ भागिले गॅसचं केल्विनमधलं तापमान. निरपेक्ष दाब म्हणजे मॅनोमीटरवरचा दाब अधिक त्या दिवशीचा हवेचा दाब. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. सवयीने १०१.३ टाकलेत तर गॅस खऱ्यापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त धरला जातो आणि चांगलं यंत्र उगाच नापास होतं. मुंबईत जमवलेली एक्सेल शीट पुण्यात तशीच उघडली की हमखास हेच होतं. एक साधा बॅरोमीटर भिंतीवर लावा आणि त्याचं वाचन नोंदवहीत पहिल्या रकान्यात घ्या.

पाइपच्या गॅसचा उष्मांक पुरवठादाराकडून त्या दिवसाचा घ्या किंवा क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे गॅसचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर काढा. ढोबळमानाने नैसर्गिक वायू घनमीटरला ३८ मेगाज्यूलच्या आसपास देतो, पण अहवालात ढोबळ आकडा चालत नाही.

एलपीजी वापरत असाल तर आकारमानाच्या वाटेला जाऊ नका, सरळ वजन करा. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं आणि प्रोपेन आधी उडून जातो. घनमीटरला ब्यूटेनमध्ये प्रोपेनपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त उष्णता असते, म्हणून सकाळचा घनमीटर आणि रात्रीचा घनमीटर एक नसतो. किलोच्या हिशेबात मात्र दोघांत दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक आहे. काटा नीट निवडा. आपल्या उदाहरणातलं यंत्र दिवसाला अर्धा किलो गॅस जाळेल, तेव्हा ५० ग्रॅमच्या टप्प्याच्या काट्यावर दहा टक्क्यांची चूक ठेवलेलीच. एका ग्रॅमचा टप्पा असलेला आणि भरलेल्या सिलिंडरचं वजन पेलणारा काटा हवा. आणखी एक: रेग्युलेटरची ताठ नळी सिलिंडरला वर उचलते किंवा खाली दाबते आणि काट्यावरचे ग्रॅम इकडेतिकडे होतात. नळीला सैल वळसा द्या, स्टँडला बांधा, मग हाताने हलवून बघा. वाचन हललं तर बांधणी पुन्हा करा.

बर्नर ठरलेल्या क्षमतेला चालतोय ना, हे चाचणीआधी बघा. यंत्रावरच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दाब लावून घ्या. विजेचा मीटर पूर्ण २४ तास चालू ठेवा. बर्नर बंद असतानाही कंट्रोलर वीज खात असतो.

सुरक्षा

पाणी ५० अंशांना तापवताना कंडेन्सरमधला अमोनियाचा दाब २० बारपर्यंत जातो. अमोनियाचा वास काही पीपीएमवरच कळतो, हे आपलं नशीब. ३०० पीपीएमला जीव धोक्यात येतो. डिटेक्टर लावा, खोलीला बाहेर हवा फेकणारा पंखा द्या, योग्य कॅनिस्टरचा मास्क दाराबाहेर टांगा, आत नाही. अमोनियाच्या बाजूला पितळ किंवा तांब्याचा एकही जोड वापरू नका, तो खाऊन जातो. सीलबंद सर्किटला गेज लावायचा मोह आवरा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पहिल्याच सुरुवातीला तपासा.

चौथी पायरी: पहिल्या तासाची चाचणी

दिवसभराच्या चाचणीत किती पाणी काढायचं हे यंत्राच्या ताकदीवर ठरतं, म्हणून आधी ती ताकद मोजा. टाकी पूर्ण तापलेली असताना मिनिटाला ११.४ लिटरने पाणी काढा. या उपशातल्या कमाल तापमानापेक्षा नळाचं पाणी ८.३ अंशांनी उतरलं की नळ बंद. यंत्र तापवून थांबलं की पुन्हा काढा. तासाभरात मिळालेलं एकूण पाणी १९३ ते २८४ लिटरच्या दरम्यान असेल तर मध्यम वापराचा नमुना, त्याहून जास्त असेल तर जास्त वापराचा, कमी असेल तर कमी वापराचा. शोषण हीट पंप टाकी सावकाश तापवतो, त्यामुळे पहिल्या तासात टाकीचा आकारच कामाला येतो.

पाचवी पायरी: २४ तास

सेटपॉइंट लावून यंत्र निदान १२ तास पाणी न काढता ठेवा. टाकी, इन्सुलेशन आणि द्रावण सगळं स्थिरावू द्या. हे टाळून वेळ वाचवणाऱ्यांची पहिली चाचणी हमखास फुकट जाते.

मध्यम नमुन्यात एकूण २०८ लिटर पाणी बारा वेळा काढायचं असतं. वेळा चाचणी सुरू झाल्यापासूनच्या, तास आणि मिनिटांत:

०:०० – ५६.८ लिटर
०:३० – ७.६
१:४० – ३४.१
१०:३० – ३४.१
११:३० – १८.९
१२:००, १२:४५, १२:५० आणि १६:०० – प्रत्येकी ३.८
१६:१५ आणि १६:४५ – प्रत्येकी ७.६
१७:०० – २६.५

सगळे मोठे उपसे मिनिटाला ६.४ लिटरने. छोटे ३.८ लिटरने, फक्त १६:४५ चा ६.४ ने. १७:०० नंतर सात तास कुणी नळाला हात लावत नाही.

बाराच्या सुमाराचे ते छोटे उपसे बघा. प्रत्येक एका मिनिटाचा. सुरुवातीला पाइपमधलं गार पाणी येतं, मग तापमान झपकन चढतं. दर मिनिटाला नोंद घेणारा लॉगर लावलात तर या उपशाचं एकच वाचन मिळेल, आणि ते गार असेल की गरम हे निव्वळ नशीब. नियमानुसार नळ उघडल्यापासून पाच सेकंदांनी पहिलं वाचन, मग दर तीन सेकंदांनी. जाड थर्मोवेलमधला, म्हणजे संरक्षक नळीत बसवलेला सेन्सर एवढ्या वेगात पाण्यामागे धावू शकत नाही. बारीक, उघड्या टोकाचा घ्या.

या छोट्या उपशांचा शोषण यंत्राला जास्त त्रास होतो, आणि २४ तासांचा आकडा चालू स्थितीतल्या सीओपीपेक्षा खाली येण्याचं हे मोठं कारण आहे. बर्नर पेटला तरी जनरेटरमधलं द्रावण तापून वाफ सुटेपर्यंत, ती द्रव होऊन इव्हॅपोरेटरपर्यंत पोचेपर्यंत वेळ जातो. तोवर तुम्ही साधा गॅस गीझरच चालवत असता, तोही जरा महागडा. इव्हॅपोरेटरच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेचं तापमान नोंदवत राहा. फरक कधी दिसायला लागतो ते बघितलं की हा उशीर मिनिटांत हाती येतो. यंत्र बनवणाऱ्याला अख्ख्या अहवालात सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच आलेख.

सहावी पायरी: आकडेमोड

आकडे उदाहरणादाखल घेतलेत. २०८ लिटर पाणी, घनता ०.९८८, विशिष्ट उष्णता ४.१८, फरक ३७.२ अंश: नळातून मिळाले साधारण ३२ मेगाज्यूल. प्रत्यक्षात प्रत्येक उपशाचा हिशेब वेगळा करून मग बेरीज करा. दिवसाची सरासरी तापमानं घेऊन एकदाच गुणाकार करू नका.

गॅस २५.६ मेगाज्यूल, एकूण उष्मांकावर. वीज अर्धा युनिट, म्हणजे १.८. बेरीज २७.४. भागाकार १.१७. छान.

आता टाकीकडे बघा. २२७ लिटरची टाकी चाचणी संपताना सुरुवातीपेक्षा सरासरी २ अंशांनी गार आहे. म्हणजे १.९ मेगाज्यूल उष्णता टाकीने आपल्या साठ्यातून दिली, गॅसने नाही. ती परत भरायला, पुन्हा तापवण्याची कार्यक्षमता १.३ धरली, तर अजून सुमारे १.५ मेगाज्यूल गॅस लागेल. ३२ भागिले २८.९, उत्तर १.११. दोन अंशांनी पाच टक्के खाल्ले. टाकी शेवटी जास्त गरम असेल तर उलटं होतं. अधिकृत पद्धतीत याशिवाय खोलीच्या आणि पाण्याच्या तापमानातल्या छोट्या विचलनांचीही दुरुस्ती असते, पण वजन याच एका ओळीला आहे.

मग ताळा. टाकीतून झिरपलेली उष्णता ३ मेगाज्यूल, धुरातून गेलेली २.५. हीट पंपाने टाकीला दिलेली उष्णता ३२ अधिक ३ वजा १.९, म्हणजे ३३.१. त्यात धूर मिळवून गॅस वजा केला की १० मेगाज्यूल उरतात. वीज आणि आवरणातली गळती तात्पुरती बाजूला ठेवली तर एवढी उष्णता हवेतून आलेली असायला हवी. आली का? हे हवेच्या बाजूने स्वतंत्रपणे तपासा. हवेचा प्रवाह आणि तापमानफरकावरून कोरडी उष्णता मिळेल. ओली उष्णता, म्हणजे हवेतली वाफ द्रव होताना मिळणारी, मोजायचा सोपा मार्ग म्हणजे इव्हॅपोरेटरखालचं पाणी बादलीत गोळा करून तोलणं. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या जवळ असतो. इव्हॅपोरेटर त्याहून गार झाला की ठिबक सुरू होते. प्रत्येक किलोमागे सुमारे २.५ मेगाज्यूल. धुरातून निघणारं आम्लधर्मी पाणी मात्र वेगळ्या नळीने वेगळ्या बाटलीत घ्या. दोन्ही एकाच बादलीत गेली तर ताळा कधीच जमणार नाही.

दोन्ही बाजू पाच टक्क्यांच्या आत जुळल्या तर मी आकड्यावर सही करतो. नाही जुळल्या तर पहिला संशय गॅसच्या दाबावर, दुसरा टाकीच्या सेन्सरांवर. प्रवाह, गॅसचं माप आणि उष्मांक प्रत्येकी एक टक्का अनिश्चित धरला तरी अंतिम आकड्यात पावणेदोन टक्क्यांची धूसरता राहते. म्हणून १.१५ च्या यंत्रापेक्षा १.१७ चं यंत्र चांगलं, असा निकाल एका चाचणीवर देऊ नका.

सातवी पायरी: सीओपीचा आलेख

हे नियमात नाही, पण केल्याशिवाय राहू नका. गार टाकी भरून यंत्र एकदम चालू करा, पाणी न काढता तापू द्या, आणि टाकीच्या सरासरी तापमानासमोर सीओपी मांडा. पाणी तापेल तसा कंडेन्सरचा दाब चढतो, ॲब्सॉर्बर गरम होतो आणि सीओपी उतरतो. जाहिरातीतला आकडा या वक्राच्या कुठल्या टोकाचा आहे ते लगेच कळतं.

आपल्याकडे मोजताना

मुंबईत नळाला १४ अंशांचं पाणी येत नाही. तापमानफरक कमी, म्हणजे दर लिटरमागे उष्णता कमी, आणि टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचा वाटा मोठा. उलट हवा गरम आणि दमट, त्यामुळे इव्हॅपोरेटरचं काम सोपं. दोन्ही गोष्टी विरुद्ध दिशांना ओढतात, म्हणून अमेरिकी आकडा इथे उचलून लावता येत नाही. प्रमाणित चाचणी झाल्यावर स्थानिक पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाला दुसरी चाचणी करा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा.

शोषण तंत्राची मोठी यंत्रं महाराष्ट्राला नवी नाहीत. पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या लिथियम ब्रोमाइडवर चालणारे चिलर आणि हीट पंप बनवतात, आणि कारखान्यांत ऑपरेटर त्यांना सरळ व्हॅम (व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन) म्हणतात. तिथे टाकी नसते, २४ तासांचा नमुनाही नसतो. स्थिर चालू अवस्थेत तासभर वाचनं घेतात. पण पाण्याच्या दोन टोकांतला फरक बऱ्याचदा ५ अंशच असतो. आधी सांगितलेली ०.५ अंशाची सेन्सरजोडी इथे लावली तर चूक १४ टक्क्यांवर जाते. अशा ठिकाणी चाचणीच्या दिवशी दोन्ही सेन्सर एकाच थर्मासमध्ये बुडवा, त्यांच्यातला फरक लिहून घ्या आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करा.